पाच किलो बोल्टाला पाच किलो नट

घरातलं पोर अकरावी सायन्सला गेलं की गणपतीच्या आसपास एक वाक्य कानावर यायला लागतं. ‘केमिस्ट्रीचं काहीतरी बघायला पाहिजे.’ फिजिक्सचं बघायला लागत नाही; ते सगळ्यांनाच सारखं जड जातं, त्यामुळे त्याची कुणाला लाज वाटत नाही. गणितासाठी प्रत्येक खानदानात एखादा काका राखून ठेवलेला असतो. केमिस्ट्रीचं मात्र ‘बघायला’ लागतं. लग्नाला स्थळ बघतात, दुखण्याला डॉक्टर बघतात, तसं. आणि बघणं म्हणजे शेवटी पैसे भरणं.

समोरच्या ब्लॉकमधल्या गृहस्थांनी परवा मला लिफ्टमध्ये गाठलं. (गाठण्यासाठी लिफ्टइतकी उत्तम जागा नाही. पळता येत नाही.) मुलाला पहिल्या टेस्टमध्ये २५ पैकी ६. ‘मोल कन्सेप्टचा आठ दिवसांचा क्रॅश कोर्स आहे म्हणे. घालू का?’ मी विचारलं, आधीच्या क्लासचं काय झालं? ‘तो चालूच आहे हो. इंटिग्रेटेड आहे.’ इंटिग्रेटेड म्हणजे नाव कॉलेजात आणि गाव क्लासात. आता क्लासात जे कळलं नाही ते कळावं म्हणून आणखी एक क्लास. चौथा मजला यायच्या आत मी एवढंच विचारू शकलो की मोल म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलंय का? गृहस्थ दुखावले. ‘म्हणजे काय! सिक्स पॉइंट झिरो टू टू इंटू टेन रेज टू ट्वेंटीथ्री. तोंडपाठ आहे त्याला.’

तोंडपाठ असणारच. आमच्या शेजारच्या आजींना विष्णुसहस्रनाम तोंडपाठ आहे, त्यांना क्लास लावावा लागला नाही.

पाठांतराला हल्ली ‘ट्रिक’ म्हणतात, एवढाच फरक. आवर्तसारणीतला दुसरा गण घ्या: बेरिलिअम, मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, स्ट्रॉन्शिअम, बेरिअम, रेडिअम. यासाठी कराडपासून कोटापर्यंत एकच मंत्र चालतो, ‘बेटा मांगे कार स्कूटर, बाप राजी’. मराठी पोरांनाही तो हिंदीतच येतो. आता या पोरांना विचारा की या सहा जणांत सारखं काय? सगळे नेमके दोनच इलेक्ट्रॉन का सोडतात? पानाच्या चुन्यातला कॅल्शिअम आणि पोटाचा एक्स-रे काढण्याआधी जो पांढरा घोळ पाजतात त्यातला बेरिअम एका स्तंभात का बसले? पोर तुमच्याकडे बघत राहतं. बेट्याने कार मागितली, इतकंच त्याला ठाऊक असतं. बाप राजी आहे हे तर फीच्या हप्त्यांवरून सगळ्या सोसायटीला ठाऊक असतं.

गंमत म्हणजे ही सारणी जन्माला आली तीच मुळी शिकवण्याच्या अडचणीतून. दिमित्री मेंडेलीव्ह सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायला लागला आणि वर्गाच्या हातात देण्याजोगं रशियन पुस्तक त्याला सापडेना. म्हणून त्याने स्वतःच लिहायला घेतलं. तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती. त्यांची ओळख पोरांना कोणत्या क्रमाने करून द्यावी या डोकेफोडीतून १८६९ मध्ये सारणी निघाली. जिथे जुळेना तिथे त्याने जागा मोकळी सोडली आणि सांगितलं, इथला पाहुणा अजून यायचाय. ॲल्युमिनिअमच्या खालच्या मोकळ्या जागेचं नाव ठेवलं ‘एका-ॲल्युमिनिअम’. (हो, आपलाच संस्कृत ‘एक’. त्यावरून व्हॉट्सॲपवर जे फिरतं ते फिरू द्या.) १८७५ मध्ये फ्रान्सात गॅलिअम सापडलं, तो हाच पाहुणा. मेंडेलीव्हने तर शोधणाऱ्यालाच कळवलं की तुमची घनता चुकलीय, परत मोजा. त्याने परत मोजली. चुकलीच होती. हे गॅलिअम तीस अंशांच्या आत वितळतं. तळहातावर धरलं तर पाणी होतं आणि जळगावच्या मे महिन्यात बाटलीतल्या बाटलीत.

आमच्या पेपरात मात्र पहिलाच प्रश्न असतो: रिकाम्या जागा भरा. जागा रिकामी सोडली की शून्य. मेंडेलीव्हचे गुण तिथेच गेले असते.

विषय जड जातोय म्हटल्यावर सरकारदरबारी दोन उपाय सुचतात. पहिला म्हणजे धडाच काढून टाका. २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून आवर्तसारणीचा धडा वगळला. मुलांवरचा भार कमी करायचा होता. अकरावीत शिकवतोच आहोत, असं सांगण्यात आलं. म्हणजे जो दहावीनंतर सायन्स घेणार नाही, त्याला जग कशाचं बनलंय हे कळलं नाही तरी चालेल. दुसरा उपाय म्हणजे पास होण्याची रेघ खाली ओढा. २०२४ मध्ये आपल्या राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद पेपरांत गाजली: दहावीला गणित आणि विज्ञानात ३५ च्या जागी २० गुण पडले तरी पोर पुढे जाईल, फक्त गुणपत्रिकेवर शेरा बसेल की हे विषय याला पुढे घेता येणार नाहीत. भिंत चढता येत नाही म्हणून भिंतीला दार पाडलं आणि दारावर पाटी लावली, ‘आत येण्यास मनाई आहे’.

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट कुणी करत नाही. पोर नेमकं कोणत्या पायरीवर अडलंय, हे खाली उतरून बघत नाही.

मी कोणत्या पायरीवर अडलो ते मला पक्कं ठाऊक आहे. सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेतून दहावी करून १९९२ मध्ये मी अकरावीला गेलो. शाळेत विज्ञान मला आवडायचं. मराठी परिभाषेला लोक हसतात, पण ती निदान बोलते तरी. संयुजा म्हणजे जोडलं जाण्याची क्षमता, हे शब्दच सांगतो. उत्प्रेरक म्हणजे जो उचकवतो. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की उदासिनीकरण होतं हे नववीत वाचलं, तेव्हा मला दोघांबद्दल वाईट वाटलं होतं; पण ते लक्षात राहिलं. (क्षपण मात्र मला तेव्हाही कळलं नाही, आणि ज्याने तो शब्द काढला त्यालाही कळलं असेल असं वाटत नाही.) अकरावीत सगळे शब्द एका रात्रीत बदलले. संयुजेची व्हॅलन्सी झाली, आम्लारीचा बेस झाला, आणि एक अगदी ओळखीचा वाटणारा शब्द आला: मोल.

मोल म्हणजे किंमत. मोलमजुरी, मोलकरीण, अनमोल, मातीमोल. सर इंग्रजीत फळ्यावर ‘एक मोल ऑक्सिजन’ लिहीत होते आणि मी मनात विचारत होतो, किती रुपये? पहिल्या चाचणीत २५ पैकी ४ पडले. त्यातला एक बहुधा रोल नंबर बरोबर लिहिल्याबद्दल होता.

आता इथे मी अडलो, यात लाजण्यासारखं फार काही नव्हतं. ते मला वीसेक वर्षांनी कळलं, तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं. या पायरीवर युरोपातले भलेभले पन्नास वर्षं अडून बसले होते. अणुसिद्धांत मांडणारा जॉन डाल्टन घ्या. तो पाण्याचं सूत्र एचओ धरत असे. एक हायड्रोजन, एक ऑक्सिजन, विषय संपला. आज सातवी-आठवीत हे लिहिलं तर बाई लाल शाईने गोल करतील आणि पालकांना भेटायला बोलावतील. १८११ मध्ये आमेदेओ ॲव्होगॅड्रो या ट्युरिनच्या माणसाने, मूळचा हा कायद्याचा पदवीधर, गाठ सोडवून दाखवली. तो म्हणाला, ऑक्सिजन वायूचा कण सुटा नसतो, दोन अणूंची जोडी असते. आणि तापमान, दाब सारखा असेल तर कोणत्याही वायूच्या सारख्या आकारमानात कणांची संख्या सारखीच. झालं. डाल्टनला आणि मोठमोठ्या रसायनज्ञांना हे पटेना. ऑक्सिजनची जोडी ऑक्सिजनशीच? एकाच जातीचे अणू एकमेकांना दूर लोटतील, जुळतील कसे? सगोत्र विवाहाला आपल्याकडे जेवढा विरोध झाला, साधारण तेवढाच या जोडीला झाला आणि तेवढ्याच जोरदार आत्मविश्वासाने.

१८५६ मध्ये ॲव्होगॅड्रो वारला, तोवर त्याचं म्हणणं बासनातच होतं. १८६० च्या सप्टेंबरात जर्मनीतल्या कार्ल्सरूहे गावी सुमारे १४० रसायनज्ञ जमले. कशासाठी? तर अणू कशाला म्हणायचं आणि रेणू कशाला, हे एकदाचं ठरवायला. सत्तावीसही पुरे न झालेला मेंडेलीव्ह त्यांत होता. तिथे स्तानिस्लाओ कॅनिझारो या इटालियन प्राध्यापकाने ॲव्होगॅड्रोची बाजू लावून धरली, आणि त्याने आपल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली एक पुस्तिका परिषदेच्या शेवटी वाटली गेली. ती वाचल्यावर डोळ्यांवरची झापड उतरली, अशा अर्थाचं लोथार मेयर या जर्मनाने पुढे लिहून ठेवलंय. शंभरावर पंडितांचं घोडं अडलं ते एका मास्तरच्या वर्गातल्या टिपणांनी हललं. आणि हे सगळं आम्ही सोळा वर्षांच्या पोराला पस्तीस मिनिटांच्या तासात उरकायला सांगतो, त्यात पहिली दहा मिनिटं हजेरीची.

‘मोल’ हा शब्द ज्याने रूढ केला त्या विल्हेल्म ओस्टवाल्डची तर आणखी मजा. या गृहस्थाचा बरीच वर्षं अणूंवर विश्वासच नव्हता. अणू असतात असं त्याने मान्य केलं ते १९०९ च्या सुमारास, आणि त्याच वर्षी त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्याकडे एवढ्या उशिरा कन्सेप्ट क्लिअर झालेल्याला एटीकेटीसुद्धा मिळत नाही.

अणू-रेणूचा हा घोळ जुना झाला असं कुणी समजू नये. तो आता मोबाइलवर आला आहे. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलेक्यूल. हिंदीत ॲटमला परमाणु म्हणतात आणि अणु म्हणजे मॉलेक्यूल! बारामतीचं किंवा बुलढाण्याचं पोर रात्री अकराला, घरचे झोपल्यावर, फुकटातलं हिंदी व्याख्यान लावून बसतं. सर उत्साहाने सांगतात, ‘जल के एक अणु में तीन परमाणु’. पोराच्या डोक्यात नववीच्या पुस्तकातला अणू आहे. एका अणूत तीन परमाणू? मग परमाणू हा अणूचा तुकडा असणार. म्हणजे इलेक्ट्रॉन? की प्रोटॉन? पोर एक गैरसमज मनात घेऊन झोपतं आणि सकाळी त्यावर ट्रिकांचा मजला चढवतं. कार्ल्सरूहेला निदान सगळे एकमेकांना विचारायला जमले होते. इथे विचारायचं कुणाला? कॉमेंटमध्ये विचारलं तर कुणीतरी बदाम पाठवतो.

मला ज्याने सोडवलं तो कधी कॉलेजात गेला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत आईने मला कराडला मामाकडे धाडलं. मामाचं हार्डवेअरचं दुकान. मामा दहावी नापास, आणि त्याला त्याचा अभिमानही नाही, खेदही नाही. (असल्या गोष्टीत नेहमी एक न शिकलेला मामा येतो आणि शहाणपण देऊन जातो, हे मला ठाऊक आहे. काय करू, मला मामा होता आणि तो असाच होता.) उसाचा हंगाम तोंडावर आलेला. कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाची आमंत्रणं येऊ लागली की ट्रॅक्टरवाल्यांना आपल्या ट्रॉल्या आठवतात. फाळके निखळलेले, तळाच्या फळ्या कुजलेल्या. दुकानात पाय ठेवायला जागा नसे. मला गल्ल्यावर बसवत नसत, पण तराजूपाशी उभं राहायची परवानगी होती.

एक ट्रॉलीवाला आला. ‘पाच किलो बोल्ट दे, आन् त्याला लागतील तसं नट-वायसर.’ मामा आत पत्रे मोजत होता. मी पाच किलो बोल्ट घातले. मग पाच किलो नट घातले. पाच किलो वायसर घालता घालता मामा बाहेर आला.

‘ह्ये काय रं?’

‘सगळं सारखं दिलंय, मामा.’

मामाने तराजूकडे पाहिलं, ट्रॉलीवाल्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ‘अरं, पाच किलो बोल्टाला पाच किलो नट? बोल्ट पंचवीस ग्रॅमाचा, नट पाच ग्रॅमाचा. पाच किलोत बोल्ट आलं दोनशे आन् नट आलं हजार. उरल्यालं आठशे काय तुझ्या डोक्यात बसवू? तिथं एकच ढिला हाय.’

ट्रॉलीवाला मनसोक्त हसला. मामाने नटांचं माप पुन्हा गोणीत ओतलं आणि एक किलो नट मोजून दिले. मोजून म्हणजे तोलून. वायसर दोन ग्रॅमचा, बोल्टामागे दोन, म्हणजे चारशे. ते आठशे ग्रॅम दिले. एवढ्या वेळात मामाने एकही नट हाताने मोजला नाही. त्याने वजन केलं आणि संख्या दिली.

मी तराजूपाशी उभा. समोरच्या पारड्यात एक किलो नट, शेजारी पाच किलो बोल्ट. वजनं वेगळी, संख्या सारखी. आणि मला सरांचा फळा दिसला: दोन ग्रॅम हायड्रोजन, सोळा ग्रॅम ऑक्सिजन, अठरा ग्रॅम पाणी. कॉलेजात मी दोन महिने हेच विचारत होतो, फक्त तोंडाने नव्हे, की दोन आणि सोळा हा कसला न्याय? सारखं सारखं का नाही? तो बोल्टाचा आणि नटाचा न्याय होता. ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या सोळापट जड. जुळणी नगावर होते आणि माल वजनावर मिळतो. मधला हिशेब म्हणजे मोल.

अणू इतके बारीक की त्यांना डझन पुरत नाही, शेकडा पुरत नाही. मग एवढा मोठा ‘शेकडा’ घ्यायचा की हायड्रोजनच्या अणूंचा तेवढा शेकडा तराजूवर सुमारे एक ग्रॅम भरेल, कार्बनचा बारा, ऑक्सिजनचा सोळा. सारणीतल्या आकड्यापुढे ‘ग्रॅम’ लिहायचं, की मोल तयार. ही सोय आहे, दुकानदारी सोय. ६.०२२ पुढे दहाचा तेविसावा घात, हा आकडा आकाशातून पडलेला नाही; ॲव्होगॅड्रोने तर तो कधी काढलाही नव्हता, त्याचं नाव त्याला पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये दिलं. आता २० मे २०१९ पासून तो ६.०२२१४०७६ असा कायमचा ठरवूनच टाकलाय, कार्बन तोलायची भानगड नको म्हणून. आपल्या जुन्या मोजणीत परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. त्या हिशेबाने एक मोल म्हणजे सुमारे साठ लाख बावीस हजार परार्ध. अठरा ग्रॅम पाणी म्हणजे तीर्थाहून थोडं जास्त, एक घोट. त्या घोटात साठ लाख परार्ध रेणू. हे कळल्यावर मी मामाच्या माठातलं पाणी जरा आदराने प्यायलो होतो.

दुसऱ्या दिवशी नट संपत आले. तळाशी अर्धा किलो उरलेले. बोल्टांच्या दोन गोण्या भरलेल्या, वायसरांचा ढीग, पण सेट किती होणार? शंभर. याला पुस्तकात लिमिटिंग रिएजंट म्हणतात. मामा म्हणतो, ‘माल नटात अडकला.’ माझ्या मते मामाची परिभाषा सरस आहे.

सुट्टी संपवून परत गेलो, तर लॅबमध्ये टायट्रेशन. त्याआधीची माझी टायट्रेशनं सांगण्यासारखी नाहीत. पहिलं रीडिंग शेजाऱ्याचं बघायचं, ते १०.२ असेल तर पुढची दोन्हीही १०.२ लिहायची आणि खाली ऐटीत ‘सीबीआर’ (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) म्हणून चौकट करायची. एन वन व्ही वन बरोबर एन टू व्ही टू हे सूत्र आम्ही आरतीसारखं म्हणत असू. आता प्रथमच ब्युरेटच्या तोटीकडे नीट पाहिलं. खाली कॉनिकल फ्लास्क. त्यात ठरलेलं आम्ल, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन, वरून सोडिअम हायड्रॉक्साइड थेंब थेंब. पडेल तिथे गुलाबी, हलवलं की गायब. एकेका बोल्टाला नट लागत चाललाय. मग गुलाबी रंग फेर धरायला लागतो, आता जातो तो जरा सावकाश. मग एक थेंब पडतो आणि फिकट गुलाबी रंग जायचं नावच घेत नाही. बोल्ट संपले. पहिला नट उरला. फ्लास्कमधल्या त्या रंगाचा अर्थ एवढाच आहे: एक नट जास्त झाला. माझी तीन रीडिंगं आली ९.८, ९.९, ९.८. एवढं खरं जर्नल मी आयुष्यात पुन्हा लिहिलं नाही. सरांनी त्यावर लाल शाईने लिहिलं, ‘नॉट कॉन्स्टंट, रिपीट’.

हे फिनॉल्फ्थॅलीन विसरू नका. कॉलेजात ज्याने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, त्याला ते पुढे नोकरीत भेटू शकतं. लाचेचा सापळा लावताना नोटांना याची पूड फासतात. साहेब नोटा घेतात, मग त्यांचे हात धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवले जातात आणि पाणी गुलाबी होतं. कुठे कुठे अँथ्रासीनची पूड वापरतात, ती अतिनील दिव्याखाली हातांवर चमकते. बातमीत येतं, ‘रंगेहाथ पकडले’. या प्रात्यक्षिकात शेजाऱ्याचं रीडिंग लिहून भागत नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायला हवं की यानंतर मी काही केमिस्ट्रीत पहिला वगैरे आलो नाही. वार्षिक परीक्षेला ६१ पडले. बारावीच्या ऑरगॅनिकने मला पुन्हा लोळवलं आणि त्यासाठी कुठल्याच मामाचं दुकान सापडलं नाही. पण तिथेही सोबत चांगली होती. १८२८ मध्ये ज्याने प्रयोगशाळेत युरिया बनवून दाखवला, तो फ्रीडरिश व्होलर सात वर्षांनी आपल्या गुरूला, बर्झेलिअसला, पत्रात कळवतो की हे सेंद्रिय रसायनशास्त्र माणसाला वेड लावेल, उष्ण प्रदेशातल्या घनदाट अरण्यासारखं आहे ते, आत शिरायला भीती वाटते. व्होलरला भीती वाटत होती. मला ६१ पडले, ठीकच आहे.

भीती गेली ती विषय सोपा झाला म्हणून नव्हे. चुकलो कुठे ते कळलं म्हणून गेली. पाच किलो बोल्टाला पाच किलो नट, ही माझी चूक होती, ती मला तराजूवर दिसली आणि तिच्यावर कुणी शेरा मारून ठेवला नाही. मामाने शिवी घातली, पण नट परत ओतून पुन्हा तोलून दाखवले. आमच्या टेस्ट सीरिजमध्ये रँक कळते, पर्सेंटाइल कळतो, महाराष्ट्रात कितवा हेही कळतं. कोणत्या गोणीत किती जास्त घातले ते कळत नाही.

सीईटीला केमिस्ट्रीचे पन्नास प्रश्न असतात, फिजिक्सचे पन्नास आणि दोन्हींना मिळून नव्वद मिनिटं. एका प्रश्नाला एक मिनिटही येत नाही. तेवढ्या वेळात तराजू हलायचा थांबतसुद्धा नाही, हे मान्य. पण म्हणूनच तोलून बघायचं काम त्या नव्वद मिनिटांच्या आधी कुठेतरी, शांतपणे, एकदा तरी व्हायला नको का? क्रॅश कोर्समध्ये आठ दिवस आहेत. बोल्ट तोलायला एक दुपार लागते.

लिफ्टमधल्या गृहस्थांना मी हे सगळं सांगू शकलो नाही, चौथा मजला आला होता. म्हणून इथे लिहितो. त्यांच्याकडे हाच पेपर येतो. साहेब, कोर्सची फी रविवारपर्यंत थांबवा. पोराला घेऊन जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात जा आणि पाव किलो बोल्ट घ्या. एक बोल्ट, एक नट, एक वायसर वेगवेगळा तोलून मागा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या. मग त्या पाव किलोला नट किती ग्रॅम लागतील, हे पोराला सांगू द्या. तुम्ही सांगू नका, आणि मोबाइल खिशातच ठेवा. पहिल्यांदा चुकला तर गोणीत परत ओता.

आणि वायसर बोल्टामागे दोन लागतात, ते विसरू नका.